तुर्कांची तेरावी कोर : उस्मानी साम्राज्याच्या अखेरच्या काळांतील सैन्यरचना

इ. स. १९१६ च्या एप्रिल महिन्याच्या २९ तारखेस इराकांतील कूत-अल-अमारा या गांवीं जनरल टाउनशेंड यानें आपल्या सैन्यासह तुर्कांपुढें शस्त्रें ठेविलीं. हें सैन्य म्हणजे हिंदी लष्कराची सहावी, अर्थात् पुणें डिव्हिजन. तींत १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. त्यामुळें टायग्रिस नदीच्या कांठीं घडलेल्या या प्रसंगाचा महाराष्ट्रांतील अनेक घराण्यांशीं निकट संबंध पोहोंचतो. १४७ दिवसांचा वेढा, धान्याची टंचाई, घोड्याचें मांस खाण्याचा आलेला प्रसंग, सुमारें तेरा हजार माणसांची शरणागति आणि त्यानंतर कैद्यांची वाळवंटांतून झालेली दुर्दशा, या गोष्टी बहुतेकांस ऐकून ठाऊक आहेत. परंतु वेढा घालणारें सैन्य कोणतें व तें कसें रचलेलें होतें, हा प्रश्न सहसा विचारला जात नाहीं. ‘तुर्क’ या एका शब्दांत त्या सैन्याची बोळवण केली जाते.

वास्तविक हा प्रश्न महत्त्वाचा आहे. नोव्हेंबर १९१४ पासून सप्टेंबर १९१५ पर्यंत हीच पुणें डिव्हिजन बसऱ्यापासून कूतपर्यंत एकामागून एक लढाया जिंकीत गेली. पुढें दोन महिन्यांच्या आंत बगदादच्या वेशीजवळ तिची गति खुंटली व पांच महिने लोटतात न लोटतात तों ती बंदिवान झाली. जनरल निक्सन याची घाई, आगबोटींची कमतरता, रसद व औषधोपचार यांची हेळसांड, हीं कारणें सर्वत्र दिलीं जातात व तीं खरींहि आहेत. परंतु तीं सर्व एका बाजूचीं आहेत. दुसऱ्या बाजूस त्या दोन महिन्यांत काय बदललें, हें पाहिल्यावांचून निर्णय पुरा होत नाहीं. आमच्या मतें तो बदल शिपायांच्या संख्येपेक्षां सैन्याच्या बांधणीचा होता. आणि ती बांधणी समजण्यास तुर्कांच्या ‘कोलऑर्दू’ म्हणजे आर्मी कोर या संस्थेचा इतिहास पाहणें अवश्य आहे. तोच येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

१. नांवें व पायऱ्या

प्रथम नांवांचा उलगडा करूं. तुर्की भाषेंत ‘ऑर्दू’ म्हणजे लष्कर किंवा लष्कराची छावणी. मोंगल बादशहाच्या छावणीस ‘उर्दू’ म्हणत व त्यावरूनच पुढें एका भाषेस तें नांव मिळालें, शब्द एकच. ‘कोल’ म्हणजे बाहु अथवा शाखा. तेव्हां ‘कोलऑर्दू’ म्हणजे लष्कराचा एक बाहु. कोरेच्या खालीं ‘फिर्का’ म्हणजे डिव्हिजन, तिच्या खालीं ‘आलाय’ म्हणजे रेजिमेंट, मग ‘ताबूर’ म्हणजे पलटण व शेवटीं ‘बोलूक’ म्हणजे कंपनी, अशी उतरंड होती. जुन्या पद्धतींत फिर्का व आलाय यांच्या मध्यें ‘लिवा’ म्हणजे ब्रिगेड ही आणखी एक पायरी असे.

हुद्द्यांचीं नांवेंहि अर्थपूर्ण आहेत. दहांचा मुख्य तो ‘ओनबाशी’, शंभरांचा ‘यूझबाशी’ व हजारांचा ‘बिनबाशी’. मनसबदारी पद्धतींतील हजारी, पंचहजारी हीं नांवें परिचित असणाऱ्या वाचकांस या दशमान गणनेचें नवल वाटणार नाहीं. मात्र विसाव्या शतकांत हीं केवळ नांवें उरलीं होतीं. बिनबाशीच्या हाताखालीं हजार माणसें असतच असें नाहीं.

२. सन १८२६ पासून १८८६ पर्यंत

सुलतान दुसरा महमूद यानें १८२६ सालीं जानिसारी फौज मोडून टाकिली व युरोपियन पद्धतीची नवी फौज उभारण्यास आरंभ केला. १८३४ सालीं ‘रदीफ’ नांवाची राखीव फौज निर्माण झाली. गझलेंत जो शब्द कडव्याच्या शेवटीं मागून येतो त्यास रदीफ म्हणतात. तोच हा शब्द, मागून येणारा या अर्थाचा. १८४३ सालीं सर्व सैन्याचे पांच ऑर्दू करण्यांत आले व १८४८ सालीं इराक व हेजाझ या प्रांतांसाठीं सहावा निघून त्याचें मुख्य ठाणें बगदाद ठरलें. १८६९ च्या सुधारणेंत येमेनसाठीं सातवा ऑर्दू झाला. सक्तीच्या नोकरीची एकंदर मुदत वीस वर्षांची असून तिचे तीन मुख्य भाग होते. पहिलीं वर्षें ‘निझाम’ म्हणजे खड्या फौजेंत व तिच्या जोडीच्या ‘इहतियात’ वर्गांत, मधलीं ‘रदीफ’मध्यें व शेवटचीं ‘मुस्तहफिझ’ म्हणजे गृहरक्षक दलांत.

१८८३ सालीं कोल्मार फॉन डेर गोल्ट्झ हा जर्मन अधिकारी तुर्की नोकरींत आला व १८९५ पर्यंत राहिला. ‘सशस्त्र राष्ट्र’ या विषयावरील त्याचा ग्रंथ त्याच १८८३ सालीं प्रसिद्ध झाला होता. त्याच्या सल्ल्यानें १८८६ सालीं भरतीचा कायदा नव्यानें करण्यांत आला व मुलुखाचे रदीफ जिल्हे पाडण्यांत आले. मुसलमानेतर प्रजेकडून शिपाईगिरीऐवजी कर घेण्याची चाल मात्र १९०९ पर्यंत तशीच राहिली.

त्या काळच्या युरोपियन लेखकांनीं या ऑर्दूंसच ‘आर्मी कोर’ म्हटलें आहे. परंतु त्यावरून गैरसमज होण्याचा संभव आहे. कागदावर एका ऑर्दूंत निझाम पायदळाच्या दोन डिव्हिजना, प्रत्येकींत दोन ब्रिगेडी, प्रत्येक ब्रिगेडींत दोन रेजिमेंटी व प्रत्येक रेजिमेंटींत चार पलटणी, शिवाय डिव्हिजनमागें एक निशाणबाज पलटण, अशी रचना असे. म्हणजे एका डिव्हिजनच्या १७ पलटणी झाल्या. परंतु हा ऑर्दू मुख्यतः मुलुखाचा विभाग होता. त्याचा मुशीर आपल्या विभागांतील भरती, कवाईत व बंदोबस्त पाही. युद्ध आलें म्हणजे निरनिराळ्या ऑर्दूंतील पलटणी काढून नवें सैन्य जुळवावें लागे व त्यावर ऐनवेळीं सेनापति नेमावा लागे. शिपाई आपल्या सेनापतीस ओळखीत नसत, सेनापति आपल्या तोफखान्यास ओळखीत नसे, आणि रसदेचा कारभार कोणाकडे याचा निकाल मोहिमेंत लागे. कोर या संस्थेचें मर्म नेमकें याच्या उलट आहे. जी मंडळी युद्धांत एकत्र लढावयाची तीच शांततेच्या काळांत एका अधिकाऱ्याखालीं एकत्र ठेवावयाची, हें तें मर्म होय.

३. सन १९११ ची रचना

१९०८ च्या राज्यक्रांतीनंतर हें मर्म तुर्की अधिकाऱ्यांच्या नव्या पिढीनें अंमलांत आणिलें. अहमद इझ्झत पाशा हा त्या वेळीं सेनाकार्यालयाचा मुख्य होता. १९१० सालीं योजना मंजूर झाली व १९११ सालीं ती चालू झाली. निझाम सैन्याच्या चौदा कोरा करण्यांत आल्या. पहिल्या चार इस्तंबूल व थ्रेस या भागांत, पुढच्या तीन सालोनिका, मोनास्तिर व उस्कुब येथें, आठवी दमास्कस येथें, नववी एर्झुरूम, दहावी एर्झिंजान, अकरावी वान, बारावी मोसल, तेरावी बगदाद व चौदावी येमेनांत. अनेक कोरांवर ऑर्दू अथवा त्याचा निरीक्षक नेमण्यांत आला.

यापेक्षांहि मोठा फरक कोरेच्या पोटांत झाला. त्या वेळीं युरोपांतील सर्वसाधारण डिव्हिजन चौकोनी होती; दोन ब्रिगेडी व चार रेजिमेंटी. तुर्कांनीं ब्रिगेडीची पायरी काढून टाकिली व डिव्हिजन तीन रेजिमेंटींची केली. रेजिमेंटींत पलटणी तीन. पूर्ण कोरेंत डिव्हिजनाहि तीन. शिवाय कोरेस स्वतःचें घोडदळ, तोफखाना, सुरुंगे व पूल बांधणारे लोक, तारायंत्राची तुकडी व वाहतुकीचा लवाजमा हीं जोडलेलीं असत.

या ‘तीन’च्या आंकड्यांत एक व्यवहार भरलेला आहे. तिहींपैकीं दोन पुढें व एक राखीव, असा नियम पलटणीपासून कोरेपर्यंत प्रत्येक पायरीवर लागू होतो. चौकोनी डिव्हिजनींत राखीव दल काढावयाचें म्हणजे एक ब्रिगेड फोडावी लागते किंवा अर्धें बळ मागें ठेवावें लागतें. शिवाय मधली एक पायरी गेल्यानें हुकूम लौकर पोहोंचतो, आणि ज्या राज्यांत सुशिक्षित अधिकारी थोडे त्यास तेवढे अधिकारी कमी लागतात. जर्मनी, फ्रान्स व इंग्लंड यांनीं १९१४ सालचें युद्ध चौकोनी किंवा बारा पलटणींच्या डिव्हिजनांनीं सुरू केलें व युद्धाच्या ओघांत पलटणी कमी केल्या. तुर्कांची ही रचना त्याच्या कांहीं वर्षें आधींची आहे, ही गोष्ट त्यांस मागासलेले समजणाऱ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

४. बाल्कन युद्धाचा धडा

तथापि चांगली रचना कागदावरून अंगीं मुरण्यास वेळ लागतो व तो वेळ मिळाला नाहीं. ऑक्टोबर १९१२ मध्यें बाल्कन युद्ध सुरू झालें तेव्हां कोरा जेमतेम वर्षाच्या होत्या. त्यांत रदीफ फौजेच्या स्वतंत्र डिव्हिजना ऐनवेळीं आणून मिसळल्या गेल्या. युद्धापूर्वीं थोडे दिवस अनुभवी शिपायांस घरीं सोडून देण्यांत आलें होतें. परिणामीं किर्ककिलिसे, कुमानोवो व लुलेबुर्गास या लढाया महिन्याच्या आंत हरून तुर्कांचें युरोपांतील बहुतेक राज्य गेलें.

या पराभवापासून तुर्कांनीं जो धडा घेतला तो मार्मिक होता. त्यांनीं कोर मोडली नाहीं; कोरेंत शिरलेली भेसळ काढून टाकिली. डिसेंबर १९१३ मध्यें जर्मन जनरल लिमान फॉन सांडर्स याचें लष्करी मंडळ इस्तंबुलास आलें. जानेवारी १९१४ मध्यें एनवर पाशा युद्धमंत्री झाला व त्यानें हजारांहून अधिक जुन्या अधिकाऱ्यांस सेवानिवृत्त केलें. रदीफच्या स्वतंत्र डिव्हिजना रद्द झाल्या; राखीव शिपायांनीं खड्या डिव्हिजनींतच भरती व्हावें असें ठरलें. १९१४ च्या उन्हाळ्यांत तेरा कोरा व छत्तीस डिव्हिजना अशी स्थिति होती. बहुतेक कोरांत तीन डिव्हिजना होत्या. मोसलच्या बाराव्या व बगदादच्या तेराव्या कोरेंत मात्र दोन दोनच. बाराव्या कोरेंत ३५वी व ३६वी, आणि तेराव्या कोरेंत ३७वी व ३८वी.

५. कोर गेली, बसरा गेला

आतां इराकाकडे वळूं. महायुद्धाची चाहूल लागतांच इस्तंबूलच्या सेनाकार्यालयानें असा निश्चय केला कीं, मुख्य प्रसंग रशियाच्या सरहद्दीवर व सुवेझ कालव्याकडे आहे. त्याप्रमाणें बारावी कोर मोसलहून सीरियाकडे व तेरावी कोर ३७व्या डिव्हिजनसह बगदादहून एर्झुरूमकडे हलविण्यांत आली. मागें राहिली ती एकटी ३८वी डिव्हिजन. स्थानिक अरब भरतीची, अपुऱ्या तोफांची, आणि मुख्य म्हणजे डोक्यावर कोर नसलेली. तारायंत्राची तुकडी, वाहतूक व अनुभवी अधिकारी हें सर्व कोरेबरोबर निघून गेलें.

६ नोव्हेंबर १९१४ रोजीं हिंदी फौज फाव येथें उतरली. २२ तारखेस बसरा पडला. ९ डिसेंबर रोजीं कुर्ना येथें बसऱ्याचा वाली सुभी बे शरण आला. पुढें सुलेमान अस्करी बे याची इराकांत नेमणूक झाली. तो शूर होता. परंतु बांधीव सैन्याची उणीव अरब टोळ्यांच्या घोडेस्वारांनीं भरून काढतां येईल अशी त्याची समजूत होती. १२ ते १४ एप्रिल १९१५ या तीन दिवसांत शैबा येथें ही समजूत खोटी ठरली. लढाईचा रंग पालटतांच टोळ्या पांगल्या व सुलेमान अस्करीनें स्वतःस गोळी घालून घेतली. त्यानंतर जूनमध्यें अमारा, जुलैंत नासिरिया व सप्टेंबरच्या अखेरीस कूत हीं ठाणीं टाउनशेंड व गॉरिंज यांनीं घेतलीं.

या विजयांत हिंदी शिपायांचें शौर्य निर्विवाद आहे. परंतु ज्या शत्रूवर ते मिळाले तो उस्मानी सैन्याचा उरलासुरला भाग होता, हें इंग्रज सेनापतींनीं ध्यानांत घेतलें नाहीं. उरल्यासुरल्यास पाहून त्यांनीं पूर्णाची परीक्षा केली.

६. कोर परत आली

कर्नल नूरुद्दीन बे यानें १९१५ च्या उन्हाळ्यांत इराकचें सेनापत्य घेतलें. ३५वी डिव्हिजन पूर्वींच परत आली होती. शरद ऋतूंत ४५वी व ५१वी या दोन डिव्हिजना आल्या. त्यांतील शिपाई बव्हंशीं अनातोलियाचे तुर्क होते. बगदादची रेल्वे त्या वेळीं अपुरी होती. तोरोस व अमानुस डोंगरांतील बोगदे व्हावयाचे होते आणि मोसलकडील मार्ग तुटक होता. म्हणून सैन्यास शेंकडों मैल पायीं चालावें लागे अथवा ‘केलेक’ म्हणजे फुगविलेल्या कातड्यांवर बांधलेल्या तराफ्यांतून नदीनें उतरावें लागे. इतक्या यातायातीनें आलेली कुमक येणारच नाहीं अशा भरंवशावर इंग्रज बगदादकडे निघाले होते.

या चार डिव्हिजनांच्या आतां दोन कोरा झाल्या. ३५वी व ३८वी मिळून नवी तेरावी कोर, आणि ४५वी व ५१वी मिळून अठरावी कोर. अठराव्या कोरेचा सेनापति एनवरचा तरुण चुलता हलील बे हा होता. सर्वांवर सहावा ऑर्दू स्थापून त्याचें आधिपत्य वृद्ध फॉन डेर गोल्ट्झ याजकडे देण्यांत आलें. पूर्वीं ज्यानें या सैन्याच्या भरतीचा कायदा घडविला तोच त्याचा सेनापति होऊन आला.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजीं टेसिफोन येथें, सासानी बादशहांच्या प्राचीन कमानीच्या छायेंत, लढाई जुंपली. नूरुद्दीननें तीन डिव्हिजना खंदकांत ठेवून ५१वी मागें राखिली होती. पुणें डिव्हिजननें पहिली फळी फोडली. परंतु राखीव ५१वी पुढें आली व २३ तारखेस रात्रभर तुर्कांचे उलट हल्ले होत राहिले. टाउनशेंडचीं चार हजारांवर माणसें पडलीं. तुर्कांची हानि त्याहूनहि अधिक होती व नूरुद्दीन दियाला नदीपर्यंत मागें हटला. पुढें जें घडलें तें आमच्या मुद्द्यास विशेष उपयोगी आहे. इंग्रज परत फिरले असें कळतांच हेंच मार खाल्लेलें सैन्य पुन्हां जुळलें, उलटलें व पाठलागास लागलें. शैबा येथें पांगलेलें सैन्य पुन्हां उभें राहूं शकलें नव्हतें. दोहोंमध्यें जो फरक दिसतो तो कोरेच्या बांधणीचा होय.

३ डिसेंबर रोजीं टाउनशेंड कूत येथें पोहोंचला व ७ तारखेस वेढा पडला. पुढील कामाची वांटणी पाहण्यासारखी आहे. कांहीं सैन्यानें वेढा आवळून धरिला व बाकीच्यानें नदीच्या खालच्या अंगास सोडवणुकीसाठीं येणाऱ्या फौजेस अडविलें. ही फौजहि ‘टायग्रिस कोर’ या नांवानेंच ओळखली जाते. परंतु ती जनरल एल्मर याच्या हाताखालीं घाईघाईनें, जहाजांतून उतरतील तशा पलटणी गोळा करून उभी केलेली होती. जानेवारी १९१६ मध्यें शेख साद, वादी व हन्ना येथें तिला पुढें सरकण्यासाठीं जबर किंमत मोजावी लागली. ८ मार्च रोजीं दुजैला येथें रात्रीची कूच करून ती पहांटे तुर्कांच्या जवळजवळ मोकळ्या बुरुजापुढें आली. परंतु ठरल्या वेळापत्रकासाठीं थांबली. तेवढ्या अवधींत तेराव्या कोरेचा सेनापति अली इहसान बे यानें कुमक आणून बुरूज भरून काढिला. या कुमकेंत गॅलिपोलीहून आलेली २री डिव्हिजनहि होती. नांवानें दोन्ही सैन्यें कोरच होतीं. एक वर्षानुवर्षांच्या संवयीनें चाललेली, दुसरी महिन्याभरांत जमविलेली. सोडवणुकीच्या या प्रयत्नांत सुमारें तेवीस हजार माणसें जायबंदी झालीं अथवा मेलीं, म्हणजे आंत कोंडलेल्यांहून अधिक. १९ एप्रिल रोजीं गोल्ट्झ बगदाद येथें ज्वरानें वारला. दहा दिवसांनीं कूत पडलें.

७. कोर पुन्हां गेली, बगदाद गेलें

विजयानें दिलेलें यश विजेत्यासच पचलें नाहीं. एनवरच्या आग्रहावरून तेरावी कोर इराणांत रशियन जनरल बरातोव याजवर पाठविण्यांत आली. अली इहसाननें ऑगस्ट १९१६ मध्यें हमदान घेतलें. मोहीम दिखाऊ होती. परंतु टायग्रिसवर आतां एकटी अठरावी कोर उरली. तिचा सेनापति काझिम काराबेकिर बे होता. त्याच्यासमोर जनरल मॉड यानें कांहीं महिने खपून दोन व्यवस्थित कोरा, आगबोटी, रेल्वे व दवाखाने यांची तयारी केली होती. इंग्रजांनीं धडा घेतला व तुर्कांनीं विसरला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

१३ डिसेंबर १९१६ रोजीं मॉड निघाला. फेब्रुवारीच्या अखेरीस कूत त्याच्या हातीं आलें. तेव्हां तेराव्या कोरेस परतण्याचा हुकूम सुटला. पण हमदान ते बगदाद हें अंतर तीनशें मैलांहून अधिक व मध्यें बर्फाचे घाट. ११ मार्च १९१७ रोजीं बगदाद पडलें. तेरावी कोर जबल हमरीनच्या डोंगरांत पोहोंचली तेव्हां महिना संपत आला होता. तेथें ती चांगली लढली. पण जें वांचवावयाचें तें गेलें होतें.

८. निष्कर्ष

सारांश, तेरावी कोर बगदादेंतून दोनदां गेली. पहिल्या वेळीं बसरा गेला व दुसऱ्या वेळीं बगदाद. मध्यंतरीं ती उभी राहिली तेव्हां टेसिफोन व कूत येथें तुर्कांस यश आलें. केवळ एका कोरेमुळें सर्व घडलें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु पुणें डिव्हिजनचा उत्कर्ष व नाश या दोन्ही गोष्टी तिच्यासमोर बांधीव शत्रु होता कीं विस्कळीत होता, यावर बऱ्याच अंशीं अवलंबून राहिल्या, एवढें वरील क्रमावरून स्पष्ट होतें. ज्या मराठा पलटणी बसऱ्यापासून जिंकीत आल्या त्याच कूत येथें कोंडल्या गेल्या. त्यांच्या शौर्यांत मधल्या काळांत उणेपणा आला नव्हता. म्हणून त्या पराभवाचा दोष शिपायांकडे जात नाहीं. ज्यांनीं शत्रूची बांधणी बदलली हें ओळखिलें नाहीं त्यांच्याकडे तो जातो. सरकारनेंहि पुढें १९२१ सालीं ११७व्या मराठा पलटणीस ‘रॉयल’ हा किताब देऊन तिच्या इराकांतील कामगिरीचा गौरव केला.

या संस्थेचें आयुष्य साम्राज्यापेक्षां अधिक ठरलें. ३० ऑक्टोबर १९१८ रोजीं मुद्रोस येथें तहकुबी होऊन उस्मानी सत्ता कोलमडली, तरी अनातोलियांतील कोरांचे सांगाडे शाबूत राहिले. एर्झुरूमच्या पंधराव्या कोरेवर तोच काझिम काराबेकिर होता. १९१९ सालीं मुस्तफा कमाल यास पकडण्याचा इस्तंबूलचा हुकूम त्यानें मानला नाहीं, आणि त्या कोरेच्या आधारावर पुढील राष्ट्रीय युद्ध उभें राहिलें. टेसिफोनच्या नूरुद्दीननें १९२२ सालीं पहिल्या ऑर्दूचें सेनापत्य केलें. १९३४ सालीं तुर्कस्तानांत आडनांवांचा कायदा झाला तेव्हां हलील पाशानें ‘कूत’ हें आडनांव घेतलें व अली इहसाननें ‘साबिस’. दुजैलाच्या लढाईस तुर्क याच नांवानें ओळखतात. टायग्रिसच्या कांठचीं तीं नांवें अशा रीतीनें तुर्कांच्या घरांत राहिलीं. आपल्याकडे त्याच नांवांशीं ज्यांच्या आठवणी जडल्या आहेत त्या घरांनीं समोरच्या सैन्याची ही हकीकतहि जाणून घ्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.